आजीचं जादा निरांजन

धार जिल्ह्यातलं राजगढ हे माझं आजोळ. संक्रांतीला तिळगूळ वाटून झाला की आजी देवापुढे एक जादा निरांजन लावायची. 'पानिपतावर राहिले त्यांचं,' एवढंच म्हणायची. आमचं सगळं लक्ष पतंगाकडे!

पुढे वाचलं तेव्हा कळलं, 14 जानेवारी 1761 रोजी पडलेल्यांत आपल्या धारचे यशवंतराव पवारही होते. मागे गादीवर उरला लहानगा खंडेराव. विश्वासराव तर जेमतेम 18 वर्षांचे, जनकोजी शिंदेही विशीच्या आतले.

यंदा हे बारावीतल्या भाचीला सांगत होतो. तिनं मध्येच विचारलं, "मामा, यशवंतरावांबरोबर गेलेल्या पोरांची नावं काय?"

सरदारांची नावं बखरींत सापडतात. घोड्याला खरारा करणारा, माळव्यातून निघालेला विशीतला शिपाई कुठे शोधायचा? (शाळेत हा प्रश्न मला कुणी विचारला नाही, मीही विचारला नाही.)

तुमच्याकडे जुनी वंशावळ असेल तर ती काढा. 1761 च्या आसपास एखादी फांदी अचानक थांबलेली दिसते का, बघा. आम्ही दोघं आमची उलगडून बसलोय. दोन नावांपुढे जागा कोरी आहे. भाचीनं ती वहीत उतरवून घेतलीत.