जुन्या ट्रकचं अलाइनमेंट, घरच्या घरी

मंडळी, शेळगावहून भवानीनगरला ऊस नेणाऱ्या जुन्या ट्रकचे पुढचे टायर कडेनं झिजतायत? पुढचा ॲक्सल अखंड असेल, तर घरी टो जुळवता येतो.

आधी जॅक लावून किंगपिन, बेअरिंग, टाय रॉड एंड हलवून बघा. ढिलं काही असेल तर थांबा, पहिलं ते बदला. भरल्या ट्रकला ढिलं स्टिअरिंग म्हणजे जिवाशी खेळ!

मग हवा सारखी, जागा सपाट, स्टिअरिंग सरळ. दोन्ही टायरच्या पुढच्या बाजूला, हबच्या उंचीवर खडूनं खूण करून अंतर मोजा. ट्रक हळू पुढे घ्या. त्याच खुणा मागे, त्याच उंचीवर आल्या की परत मोजा. पुढचं माप किंचित कमी हवं, बहुधा १ ते ३ मिलिमीटर. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा.

नसेल तर क्लॅम्प सैल करून टाय रॉड फिरवा, क्लॅम्प कसा, पुन्हा मोजा.