गडावरची निळी पाटी

गडाच्या दारात संरक्षित स्मारकाची निळी, पांढऱ्या अक्षरांची पाटी असते. तिला टेकून लोक फोटो काढतात, वाचत मात्र कुणी नाही. मग गैरसमज पसरतात.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हापासून 'गड आता युनेस्कोच्या ताब्यात' असं सर्रास ऐकू येतं. तसं काही झालेलं नाही. युनेस्को अहवाल मागवते, फार तर यादीतून नाव काढते. चिरा उपसणाऱ्याला धरायला तिच्याकडे साधा हवालदारही नाही. ते काम इथल्याच कायद्याचं. रायगड, शिवनेरी, सिंधुदुर्ग, तमिळनाडूतली जिंजी असे आठ किल्ले केंद्राच्या १९५८ च्या कायद्याखाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे.

दुसरा समज, जुनं ते आपोआप संरक्षित. केंद्राच्या कायद्यात स्मारकाला शंभरी गाठावी लागते खरी, पण तेवढ्यानं भागत नाही. राजपत्रात अधिसूचना निघते, हरकतींसाठी दोन महिने दिले जातात, मग संरक्षण मिळतं. अशी अधिसूचना न निघालेला दोनशे वर्षांचा वाडा कुणी पाडायला निघाला, तर हा कायदा आड येत नाही. आडवी आलीच तर शहराची वारसा नियमावली. मुंबईत ती १९९५ पासून आहे.

सगळ्यात जास्त वाद शंभर मीटरवरून होतात. केंद्राच्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनं संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे दोनशे मीटर नियंत्रित क्षेत्र ठरलं. लोक टेप लावतात देवळाच्या भिंतीपासून. मोजायचं असतं संरक्षित हद्दीपासून, आणि ती हद्द कित्येकदा भिंतीच्या बरीच बाहेर असते. मग 'आत राहणाऱ्यानं कौलही बदलायचं नाही का?' हा संताप. प्रतिबंधित क्षेत्रात नवं बांधकाम होत नाही, हे खरं. पण घर १६ जून १९९२ च्या आधीचं असेल, तर डागडुजीसाठी रीतसर अर्ज करता येतो. नियंत्रित क्षेत्रात तर परवानगी घेऊन नवं घरही बांधता येतं. पन्हाळ्यासारख्या गडावर, जिथे तटाच्या आत घरं आहेत, नगरपरिषद आहे, तिथे हे माहीत असणं पोटापाण्याइतकंच गरजेचं. मात्र परवानगीसाठी किती खेटे पडतात, हा वेगळा विषय आहे आणि तिथली तक्रार मला रास्त वाटते.

संरक्षित म्हणजे सरकारजमा, हेही चूक. मालकी खासगी राहू शकते. मनाला येईल तशी मोडतोड तेवढी करता येत नाही.

राहता राहिलं नाव कोरणं. पकडलं तर पन्नास-शंभरात सुटू, असा हिशेब असतो. केंद्र संरक्षित स्मारकाला इजा केली तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. २०१० आधी हेच तीन महिने आणि पाच हजार होतं. शिवाय तटाच्या चिऱ्यावर किल्लीनं बदाम काढणारा दोघांची नावं, गाव आणि तारीखही कोरून जातो. पंचनाम्याला आणखी काय लागतं?