जुन्या जनित्राचा कंट्रोलर

बंदिस्त कुक्कुटशेडमधील पंखे उन्हाळ्यांत थांबले, तर कोंबड्या थोड्याच वेळांत गुदमरतात. म्हणून वीज जातांच आपोआप सुरू होणारें डिझेल जनित्र शेतकरीबंधूंनीं ठेविलें आहे. त्याचें इंजिन पुष्कळ वर्षें टिकतें. कंट्रोलर मात्र आधीं निकामी होतो, आणि तो नमुना कारखान्यानें केव्हांच बंद केलेला असतो. मग सबंध जनित्रच मोडींत काढण्याचा सल्ला मिळतो. तो एकदम मानूं नये.

कंट्रोलर वीज निर्माण करीत नाहीं. तेलाचा दाब, पाण्याची उष्णता व इंजिनाचे फेरे पाहून तो इंजिन चालू किंवा बंद करतो, इतकेंच. व्होल्टेज स्थिर राखणारा ए. व्ही. आर. निराळा, दोष त्याचा असतां कंट्रोलर बदलून पैसे घालविणारे कांहीं थोडे नाहींत.

यांत्रिक गव्हर्नरच्या इंजिनास दुसऱ्या कंपनीचा कंट्रोलरही चालूं शकतो. बॅटरी १२ व्होल्टची कीं २४ ची, तें पाहावें. सेन्सरांशीं मेळ नसल्यास तेलाचा दाब खोटा दिसतो. इंजिनास स्वतःचा संगणक असेल, तर त्याच्याशीं जुळणाराच कंट्रोलर लागतो. जुन्या बाजारांतून आणलेल्या कंट्रोलरांत परक्या इंजिनाचे आंकडे भरलेले असावयाचे. यास्तव आपला चालू आहे तोंवरच त्यांतील आंकडे व तारांचे क्रमांक वहींत उतरून घ्यावे. नवा बसविल्यावर तेलदाबाच्या इशाऱ्यानें इंजिन खरोखर थांबतें कीं नाहीं, याची परीक्षा मिस्त्रीकडून आपल्यासमक्ष करवून मगच त्याचे पैसे चुकते करावे.