दोन छिद्रांमधली विद्या

१९६४ साली टोकियोत ऑलिम्पिक भरलं, तेव्हा टोरोंटोचे रॉबर्ट जॅक्सन हे तरुण अस्थिशल्यविशारद त्याच शहरात होते. कॅनडाच्या संघाची देखभाल त्यांच्याकडे होती, पण मन रमलं ते तेइशिन रुग्णालयात. तिथे मासाकी वातानाबे नावाचे सर्जन गुडघ्याला एक बारीक छिद्र पाडून आत दुर्बीण सरकवत आणि न उघडलेला सांधा आतून पाहत. जॅक्सन त्यांच्यापाशी शिकायला राहिले. बदल्यात त्यांनी वातानाबेंना इंग्रजी शिकवलं, असं सांगतात. परत जाताना ते ही दुर्बीण टोरोंटोला घेऊन गेले आणि तिथून ती उत्तर अमेरिकेत पसरली. पुढे १९९४ साली ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ने खेळावर सर्वाधिक प्रभाव टाकणाऱ्या ४० जणांची यादी केली. खेळाडूंनी भरलेल्या त्या यादीत या डॉक्टरांचं नाव होतं.

वातानाबेंचे गुरू केंजी ताकागी. त्यांनी १९१८ साली मूत्राशय तपासायची दुर्बीण एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली होती. त्यामागे खेळाडूंचा विचार नव्हता. क्षयाने गुडघा ताठरला की जपानी माणसाला पाय मुडपून जमिनीवर बसता येत नसे, आणि त्या समाजात तसं बसता न येणं हे मोठंच अपंगत्व होतं. आजार लवकर दिसावा, एवढाच ताकागींचा हेतू. शिष्याने ती दुर्बीण सुधारत नेली. त्यांच्या २१व्या नमुन्याच्या टोकाला छोटासा दिवा असे, आणि तो सांध्याच्या आत फुटेल ही धास्तीही असे. १९६२ साली वातानाबेंनी दुर्बिणीतून पाहत, गुडघा पिरगळलेल्या एका १७ वर्षांच्या मुलाच्या सांध्यातल्या गादीचा, म्हणजे मेनिस्कसचा, फाटलेला तेवढाच भाग काढला. तो मुलगा काही आठवड्यांत पुन्हा बास्केटबॉल खेळू लागला.

खेळाडूंचा सर्जन कसा घडतो, हे सांगताना मी या तिघांपासून सुरुवात केली, कारण पदव्या, परीक्षा आणि मंडळं सगळी नंतर आली. ही विद्या एका हातातून दुसऱ्या हातात गेली, आणि आजही तशीच जाते.

आपल्याकडचा रस्ता लांब आहे. बारावीनंतर ‘नीट’, मग साडेचार वर्षांचं एमबीबीएस आणि एक वर्षाची इंटर्नशिप. पुन्हा पदव्युत्तर ‘नीट’, आणि त्यात ऑर्थोची जागा मिळाली तर तीन वर्षांचं एमएस किंवा डीएनबी. मग सरकारी बंधपत्राची सेवा, आणि त्यानंतर आर्थ्रोस्कोपीची फेलोशिप. ती कुणी सहा महिने करतं, कुणी वर्षभर, कुणी राष्ट्रीय परीक्षा मंडळाची दोन वर्षांची करतं. स्वतःच्या नावाने पहिलं लिगामेंट बसवेपर्यंत वयाची तिशी उलटलेली असते. अमेरिकेत वाट वेगळी, वर्षं थोडी जास्तच: पदवी, चार वर्षं वैद्यकीय शिक्षण, पाच वर्षं रेसिडेन्सी, मग एक वर्ष स्पोर्ट्सची फेलोशिप. तिथे या उपशाखेचं वेगळं प्रमाणपत्र २००७पासून मिळू लागलं. इथे एक घोटाळा नेहमी होतो, म्हणून सांगतो. स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये एमडी केलेला डॉक्टर आणि खेळाडूंवर शस्त्रक्रिया करणारा ऑर्थोपेडिक सर्जन हे दोघे वेगळे. पहिला सुरी हातात घेत नाही, पण खेळाडूच्या शरीराची बाकी सारी बाजू त्याच्याकडे असते. दोघांना एकमेकांवाचून चालत नाही.

एमएसची तीन वर्षं मुंबईत केईएम, सायन, नायर किंवा जेजेमध्ये गेली असली, तर त्या माणसाने हाडं किती पाहिली असतील याची कल्पनाच केलेली बरी. लोकलमधून पडलेले, बांधकामावरून कोसळलेले, दुचाकीवरून घसरलेले, दहीहंडीच्या रात्री थरावरून आलेले. पहिल्या वर्षाचा रेसिडेंट प्लास्टर रूममध्ये स्लॅब घालतो, वॉर्डात ट्रॅक्शन लावतो, ड्रेसिंग करतो, रक्ताच्या पिशव्यांमागे धावतो. त्याला ऑपरेशन थिएटरात पाय धरून उभं राहायचं काम मिळतं, आणि मिळालं की तो खूश असतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी हातात ड्रिल येतं, खुब्याचे आणि मांडीचे खिळे, प्लेटा बसवता येऊ लागतात. पण सांध्यातली दुर्बीण? ती यादीत शेवटी. उघडं हाड आलेला रुग्ण थांबू शकत नाही. चालत आलेला, फक्त वळताना गुडघा सटकतो म्हणणारा मुलगा थांबू शकतो. म्हणून तोच पुढच्या आठवड्यावर जातो. यात कुणाची चूक नाही. मात्र याचा परिणाम असा होतो की गरिबांच्या मोडलेल्या हाडांवर तयार झालेला सर्जन दुर्बिणीचं खरं काम शिकायला सरकारी रुग्णालयाबाहेर पडतो, आणि शिकून झाल्यावर बहुधा बाहेरच राहतो.

ते शिकणं म्हणजे नेमकं काय? दुर्बीण साधारण चार मिलिमीटर जाडीची. तिचं भिंग समोर बघत नाही, ३० अंश तिरकं बघतं, त्यामुळे दुर्बीण जागच्या जागी नुसती फिरवली तरी नवा कोपरा दिसतो. एका छिद्रातून ती, दुसऱ्यातून हत्यार. सांधा सलाईनने फुगवलेला. डोळे पडद्यावर, हात खाली, आणि हातांकडे बघायचं नाही. आपल्या डाव्या हातातल्या नजरेसमोर उजव्या हातातलं टोक आणून उभं करायचं, हीच पहिली कसोटी. नवख्याचं हत्यार आत गेलेलं असतं, पण पडद्यावर दिसतच नाही. तो चाचपडतो, आणि तेवढ्यात कूर्चेवर ओरखडा उठू शकतो. कूर्चा पुन्हा पहिल्यासारखी भरून येत नाही. म्हणून आधी प्लास्टिकच्या सांध्यांवर, सिम्युलेटरवर, कॅडेव्हर लॅबमध्ये सराव करतात. तरी जिवंत गुडघ्यात शेजारी उभं राहून ‘थांब, थोडं मागे घे’ म्हणणारं कुणीतरी लागतंच. फेलोशिपचं सोनं हेच आहे, भिंतीवर लावायचं प्रमाणपत्र नव्हे.

आणि हातांची एक विद्या दुर्बिणीच्याही आधीची आहे. गुडघा २०–३० अंशांत वाकवून, एका हाताने मांडी धरून दुसऱ्याने नडगी पुढे ओढायची. पुढचं क्रूशिएट लिगामेंट, म्हणजे एसीएल, शाबूत असेल तर ओढ एका जागी टक्कन थांबते. तुटलं असेल तर मऊ, शेवट नसल्यासारखी लागते. फिलाडेल्फियाच्या जॉन लॅकमन यांच्या नावाने ओळखली जाणारी ही चाचणी १९७६ साली छापून आली. एमआरआय आता तालुक्याच्या आसपासही होतो, तरी चांगला सर्जन अहवाल उघडण्याआधी गुडघ्याला हात लावतो.

एसीएल हे तीनेक सेंटिमीटर लांबीचं दोरखंड. तुटलं की बहुतेकदा ते आपोआप नीट जुळून येत नाही, कारण त्याची टोकं सांध्याच्या द्रवात मोकळी लोंबतात. म्हणून नवं बसवावं लागतं: रुग्णाच्याच मांडीमागच्या स्नायूची कंडरा, किंवा गुडघ्याच्या वाटीखालची पट्टी, किंवा वाटीवरच्या स्नायूची. नडगीत आणि मांडीच्या हाडात बोगदे पाडून ती ओवायची. बोगदा कुठे पाडायचा, यावर पुरी एक पिढी झगडली. पूर्वी मांडीकडचा बोगदा नडगीतल्या बोगद्यातूनच पाडत. त्यामुळे नवं लिगामेंट फार उभं बसे. गुडघा पुढे सरकणं थांबे, पण वळताना सटकणं थांबत नसे. पिट्सबर्गचे फ्रेडी फू आयुष्यभर सांगत राहिले की निसर्गाने जिथे लावलंय तिथेच लावा. ऐकायला साधं वाटतं, पण ते पटायला आणि हातात उतरायला वर्षं गेली. गादीच्या बाबतीतही तसंच झालं. एकेकाळी फाटलेली गादी सर्रास पूर्ण काढून टाकत. १९४८ साली इंग्लंडमध्ये फेअरबँक यांनी अशा गुडघ्यांच्या एक्स-रेमध्ये झिजेच्या खुणा दाखवल्या. तरीही सवय सुटायला अनेक वर्षं लागली. आता शक्य तिथे ती शिवतात. माझ्या मते या शाखेच्या प्रौढपणाची सर्वात मोठी खूण हीच, की आज तिला काढण्यापेक्षा राखण्यात जास्त कौशल्य दिसतं.

शस्त्रक्रिया दीड-दोन तासांची. त्यानंतर जे घडतं ते खेळाडूला समजावणं सर्वात कठीण. बसवलेली कंडरा सुरुवातीला रक्तपुरवठ्यावाचून असते. तिच्यातल्या पेशी मरतात, मग नव्या रक्तवाहिन्या शिरतात, नव्या पेशी येतात, आणि महिन्यांमागून महिने ती हळूहळू लिगामेंटसारखी होत जाते. या प्रवासात दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याच्या आसपास ती फार कमजोर असते. आणि नेमक्या त्याच दिवसांत मुलाची सूज उतरलेली असते, तो न लंगडता चालत असतो, जिना चढतो, प्रशिक्षक फोन करून विचारतो की जिल्हा स्पर्धेला येतोस का. नॉर्वेतल्या आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१६ साली एकत्र मांडलं, की नऊ महिन्यांपर्यंत मैदानावर परतणं जितक्या महिन्यांनी लांबवावं, त्यातल्या प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याची शक्यता जवळपास अर्ध्याने कमी होते. म्हणून सर्जनच्या प्रशिक्षणात फिजिओसोबत उभं राहणं येतं: मांडीचं बळ मोजणं, एका पायावर उडी मारून दोन्ही पायांची तुलना करणं, आणि त्या मुलाच्या डोळ्यांतली भीती गेली का हेही बघणं. ही विद्या पुस्तकातून येत नाही. ती मैदानाच्या कडेला येते.

थोरामोठ्यांच्या बाबतीत हे सगळ्यांनी पाहिलं. क्रिकेटपटू ऋषभ पंतची गाडी ३० डिसेंबर २०२२ला रुडकीजवळ उलटली. गुडघ्याची शस्त्रक्रिया मुंबईत कोकिळाबेन रुग्णालयात डॉ. दिनशॉ पारडीवाला यांच्या हातून झाली, आणि तो मार्च २०२४मध्ये पुन्हा मैदानात उतरला. शस्त्रक्रिया एका दिवसाची, बाकी वर्षभराहून जास्त काळ कष्टाचा. कुस्तीपटू विनेश फोगाटच्या गुडघ्यावर मुंबईतच ऑगस्ट २०२३मध्ये शस्त्रक्रिया झाली, आणि वर्षभराने ती पॅरिस ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीपर्यंत पोचली. अंतिम फेरीच्या सकाळी ५० किलोच्या गटात तिचं वजन १०० ग्रॅम जास्त भरलं. पथकाचे मुख्य वैद्यकीय अधिकारी म्हणून पारडीवालाच पुढे आले आणि रात्रभर काय काय करून पाहिलं, केस कापण्यापर्यंत, ते देशाला सांगितलं. त्या रात्री दुर्बिणीचा काही उपयोग नव्हता. संघासोबत जाणाऱ्या सर्जनला पाणी, वजन, ताप, बंदी असलेली औषधं, आणि हरलेल्या माणसाजवळ बसणं, हे सगळं यावं लागतं.

खेळाडू आणि डॉक्टर एकत्र हवेत, हे सैन्याने फार आधी ओळखलं. पुण्यात २००१ साली आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट उभं राहिलं, आणि खेळाडू, प्रशिक्षक, डॉक्टर, फिजिओ एका आवारात आले. दिल्लीत सफदरजंगला राष्ट्रकुल स्पर्धांच्या निमित्ताने २०१०मध्ये खेळाडूंच्या दुखापतींचं स्वतंत्र सरकारी केंद्र झालं.

महाराष्ट्राला तसं केंद्र हवं आहे, आणि त्याची गरज मुंबईच्या क्रिकेटपटूपेक्षा सांगली-कोल्हापूर-रत्नागिरीच्या कबड्डीतल्या, खो-खोतल्या मुला-मुलींना जास्त आहे. धावत येऊन वळणं, उडीवरून एका पायावर उतरणं, अशा हालचालींच्या खेळांत मुलींचं एसीएल तुटण्याचं प्रमाण मुलांच्या दोन ते आठ पट असल्याचं वेगवेगळ्या अभ्यासांत आढळलंय. आणि या मुलींना तपासणाऱ्या ऑर्थोपेडिक सर्जनमध्ये बायका अजून फार थोड्या. गावाकडे गुडघा लचकला की आधी तेल, मग हाडवैद्य, मग सहा महिन्यांनी पुन्हा सटकला की तालुक्याचा एक्स-रे. तोवर गादीही फाटते. आधी एवढं हवं: जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस खेळाडूंचा बाह्यरुग्ण विभाग, तिथे लॅकमन चाचणी करता येणारा एक तरुण सर्जन, वर्षभर टिकणारा एक फिजिओथेरपिस्ट, आणि शस्त्रक्रियेसाठी नेमून दिलेलं एक मोठं रुग्णालय. बंधपत्राचं वर्ष आजही ऑर्थोचे शेकडो डॉक्टर कुठे ना कुठे काढतातच. त्यातल्या काहींना या कामावर, आणि एखाद्या अनुभवी सर्जनच्या शेजारी नेमलं, तर पुढच्या मोसमाच्या आधी सुरुवात करता येईल.