व्हॅनचा पट्टा वारंवार तुटतो? गैरसमज आणि वस्तुस्थिती

इंदूर–इच्छापूर रस्त्यावर बऱ्हाणपूर आणि असीरगड यांच्यामध्ये निंबोला लागते. इथल्या व्हॅनना उसंत नसते. सकाळी शाळेची मुले, दुपारी बऱ्हाणपूरच्या दवाखान्याची फेरी, लग्नसराईत वऱ्हाड, केळीच्या हंगामात मजुरांची ने-आण. उत्तरेला निघाले की सातपुड्याचा चढ, दक्षिणेला तापीकाठचे ऊन. अशा गाडीचा पट्टा दर महिना-दोन महिन्यांनी तुटू लागला, तर मालकाची कमाई बुडते आणि आत बसलेल्यांचा जीवही टांगणीला लागतो. नवा पट्टा थोड्या पैशांत मिळतो, म्हणून तो चढवून गाडी पुढे निघते. पट्टा तोडणारे कारण मात्र इंजिनावरच राहते.

ज्याला आपण फॅन बेल्ट म्हणतो, तो क्रँक पुलीवरून जोर घेऊन अल्टरनेटर फिरवतो. बऱ्याच गाड्यांत वॉटर पंपही तोच फिरवतो आणि काहींत एसीचा कॉम्प्रेसर किंवा पॉवर स्टिअरिंगचा पंपसुद्धा. क्रँक पुलीचा व्यास १२५ मिलिमीटर धरला, तर इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेताना पट्टा ताशी सुमारे ७० किलोमीटर वेगाने धावतो. ९०० मिलिमीटर लांबीचा पट्टा मिनिटाला १,३०० वेळा पुलींभोवती वळतो. या वेगात पुलीचा बारीकसा दोषही त्याला काही आठवड्यांत संपवतो.

गैरसमज : पट्टा सारखा तुटतो, म्हणजे माल हलका आहे.

वस्तुस्थिती : बाजारात नकली पट्टे आहेत, हे खरे. म्हणून एकदा खात्रीच्या दुकानातून, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाचा पट्टा घ्यावा. सगळे ठीक असेल तर तो ४०-५० हजार किलोमीटर सहज चालतो. तोही लवकर गेला, तर पट्ट्यावरचा संशय सोडून पुलींकडे वळावे.

तुटलेला पट्टा फेकू नये, कारण तो कसा गेला हे त्याच्यावरच लिहिलेले असते. एकच कड उसवली असेल, तर पुल्या एका रेषेत नाहीत. बाजू काचेसारख्या चकचकीत झाल्या असतील, तर पट्टा घसरत होता. रबर फुगून मऊ पडले असेल, तर तेल लागले आहे. पट्टा उलटा होऊन बाहेर पडत असेल, तर पुल्या रेषेत नसाव्यात किंवा बसवताना त्याच्या आतले दोरे तुटले असावेत. स्क्रू ड्रायव्हर घालून पट्टा पुलीवर चढवण्याची सवय इथेच नडते. वरून काहीच दिसत नाही, पण आतला दोरा दुखावलेला असतो. अल्टरनेटरचा बोल्ट सैल करून पट्टा हाताने बसवावा.

गैरसमज : पट्टा जितका घट्ट, तितका टिकाऊ.

वस्तुस्थिती : जास्त ताणामुळे पट्टा तापतो आणि अल्टरनेटर व वॉटर पंपाची बेअरिंग खराब होतात. खराब बेअरिंगची पुली डगमगते आणि पुढचा पट्टा खाते. सैल पट्टा घसरून जळतो. व्ही आकाराचा पट्टा पुलीच्या खाचेत बाजूंनी धरतो. तो खाचेच्या तळाला टेकत असेल आणि तळ चकाकत असेल, तर पुली झिजली आहे. अशा पुलीवर कितीही आवळले तरी पकड येत नाही.

दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने जोरात दाबल्यावर पट्टा साधारण १० मिलिमीटरच्या आत-बाहेर दबावा, असा ढोबळ अंदाज आहे. नेमके माप पुस्तिकेतले पाळावे. नवा पट्टा सुरुवातीच्या धावण्यात थोडा बसतो, त्यामुळे पहिल्या काही फेऱ्यांनंतर ताण पुन्हा तपासावा. स्प्रिंगचा टेन्शनर असलेल्या गाडीत हे काम स्प्रिंग करते. पण ती थकली की कितीही नवे पट्टे टाकले तरी दोष राहतो.

गैरसमज : पट्टा ओरडतो, त्याला साबण किंवा स्प्रे मारला की काम झाले.

वस्तुस्थिती : आवाज थोडा वेळ दबतो, दोष दबत नाही. चिकट स्प्रेवर तर रस्त्याची धूळ बसते आणि झीज वाढते. दोष ओळखायला साधे पाणी पुरते. इंजिन चालू ठेवून, हात, कपडे आणि ओढणी दूर ठेवून, बाटलीने पट्ट्याच्या आतल्या बाजूवर थोडे पाणी उडवावे. आवाज क्षणभर थांबून परत आला, तर पुल्या रेषेत नाहीत. आवाज वाढला, तर पट्टा सैल आहे आणि घसरतो आहे.

गैरसमज : पुल्या डोळ्यांना सरळ दिसतात, म्हणजे सरळ आहेत.

वस्तुस्थिती : वारंवार पट्टा तुटण्यामागे पुल्या रेषेत नसणे हे कारण फार वेळा निघते. ३०० मिलिमीटर अंतरावरच्या दोन पुलींत दीड मिलिमीटरचा फरकही पट्ट्याला जड जातो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. पुलींच्या तोंडांवर सरळ पट्टी धरून पाहावे. आधी कोणते काम झाले, हे आठवावे. अल्टरनेटर बदलताना दुसऱ्या गाडीचा बसवला का? अल्टरनेटर धरणाऱ्या ब्रॅकेटखालचा वॉशर राहून गेला का? धक्क्याने ब्रॅकेट वाकला का?

काही गाड्यांत क्रँक पुलीचा मधला भाग आणि बाहेरचे कडे यांच्यामध्ये रबराचा थर असतो. तो सुटला की कडे सरकते. खडूने आतून बाहेर एक सरळ रेघ ओढावी आणि गाडी फिरवून आणावी. रेघेचे दोन तुकडे झाले असतील, तर पुलीच बदलायला हवी.

गैरसमज : आपल्याकडचे ऊनच पट्टे खाते.

वस्तुस्थिती : उष्णतेने रबर म्हातारे होते, यात शंका नाही. ऑम्नी आणि ईको या व्हॅनमध्ये इंजिन पुढच्या सीटखाली असते, तिथे वारा कमी आणि ताप जास्त. तरीही उन्हाने पट्टा म्हातारा व्हायला मोठा काळ लागतो. महिन्याभरात मेलेल्या पट्ट्याचा दोष उन्हावर टाकता येत नाही.

त्यापेक्षा क्रँकच्या पुढच्या ऑईल सीलची गळती पाहावी. इंजिनाखालचे कव्हर कुणी काढून टाकले असेल, तर खडी आणि चिखल थेट पुलीत जातात. वरातीसाठी मोठे स्पीकर आणि जादा दिवे जोडले असतील, तर अल्टरनेटरवर आणि पर्यायाने पट्ट्यावर भार वाढतो. खराब बॅटरीनेही तेच होते.

गैरसमज : भेगा नाहीत, म्हणजे पट्टा चांगला.

वस्तुस्थिती : जुन्या रबराच्या पट्ट्यांना भेगा पडत. आजचे बरेचसे बहुधारी पट्टे ईपीडीएम रबराचे असतात. त्यांना भेगा पडेपर्यंत वाट पाहणे चुकीचे. ते टायरसारखे झिजतात, खाचा खोल होतात आणि पट्टा घसरू लागतो. म्हणून भेगांबरोबर झीजही तपासावी.

गैरसमज : पट्टा तुटला तरी हळूहळू घरी नेता येते.

वस्तुस्थिती : वॉटर पंप त्याच पट्ट्यावर असेल, तर पाणी फिरणे त्या क्षणी थांबते. चढावर काही मिनिटांत इंजिन तापते, हेड गॅस्केट जाते, हेड वाकते. पट्ट्यापुरता खर्च इंजिनाच्या कामापर्यंत जातो. बॅटरीचा लाल दिवा लागला आणि तापमानाचा काटा चढू लागला, तर गाडी लगेच बाजूला घ्यावी. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये.

काही डिझेल गाड्यांत ब्रेकला जोर देणारा व्हॅक्युम पंप अल्टरनेटरच्या मागे बसवलेला असतो. पट्टा तुटला की एक-दोनदा दाबल्यावर ब्रेकचे पेडल कडक होते आणि गाडी थांबवायला कितीतरी जास्त जोर लागतो. असीरगडच्या बाजूने उतरताना हे झाले, तर मागे बसलेल्यांचा जीव धोक्यात येतो. आपल्या गाडीचा व्हॅक्युम पंप कुठे आहे, हे चालकाने मिस्त्रीला आजच विचारून ठेवावे.

दुसऱ्यांदा पट्टा तुटला, तर नवा चढवण्याआधी हे करून घ्यावे. इंजिन बंद करावे, चावी काढावी, ते थंड होऊ द्यावे. पट्टा काढलेलाच आहे, तेव्हा प्रत्येक पुली हाताने फिरवावी आणि हलवून पाहावी. खरखर, अडकणे किंवा डगमग जाणवली, तर तिथेच थांबावे. मग सरळ पट्टी, खडूची रेघ, तेलाची गळती, बॅटरी आणि चार्जिंग, याच क्रमाने पाहावे. तुटलेला पट्टा मिस्त्रीच्या हातात द्यावा आणि तो कधी, किती किलोमीटरवर गेला, त्याआधी गाडीत काय काम झाले, हे सांगावे. याला तासभर लागेल. शाळेची मुले ज्या गाडीत बसतात, तिच्यासाठी तेवढा वेळ काढलाच पाहिजे.