साध्य गेले, साधन उरले

साध्य-साधनाचा विचार करताना आपण एक गोष्ट न तपासताच मान्य करतो. साध्य संपलं की साधनही संपलं. नदी ओलांडली, आता होडी कशाला? आज हे गृहीतक आपण एका वाटेवर चालून तपासू.

अमेरिकेत वॉशिंग्टनच्या जॉर्जटाऊनपासून मेरीलँडमधल्या कंबरलंडपर्यंत, पोटोमॅक नदीच्या काठाने, चेसापीक आणि ओहायो कालवा जातो. लांबी सुमारे २९७ किलोमीटर. त्याच्या कडेने टोपाथ आहे. म्हणजे दोराने बोट ओढणाऱ्या खेचरांची वाट. कोळसा वाहून नेणं हे साध्य, कालवा हे साधन, आणि ही वाट तर साधनाचंही साधन!

कालव्याचं काम ४ जुलै १८२८ रोजी सुरू झालं. गंमत बघा, त्याच दिवशी बाल्टिमोरमध्ये रेल्वेचाही मुहूर्त झाला. रेल्वे १८४२ मध्ये कंबरलंडला पोहोचली, कालवा १८५० मध्ये. ओहायो नदी त्याला कधीच गाठता आली नाही. १९२४ च्या पुरानंतर बोटी कायमच्या थांबल्या. साध्य गेलं. मग वाटेचं काय झालं?

तिच्यावरून मोटारींचा रस्ता करायची योजना पुढे आली. १९५४ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने अग्रलेखातून तिला पाठिंबा दिला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी पत्र लिहून संपादकांना सांगितलं, आधी माझ्याबरोबर ही वाट चाला. त्या मार्चमध्ये बरेचजण कंबरलंडहून निघाले. संपूर्ण अंतर चालले ते नऊजण, त्यांत पंचावन्न वर्षांचे डग्लस होते. पत्राची भूमिका बरीच बदलली. पुढे १९७१ मध्ये कालवा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला.

इथे जरा थांबू. डग्लसांनी नवा युक्तिवाद केला का? नाही. निकाल देण्याआधी ती वस्तू तिच्या स्वतःच्या गतीने अनुभवा, एवढंच त्यांचं म्हणणं. न्यायाधीशाला शोभेल असंच!

आणि ही गती वाटेतच बांधलेली आहे. कालव्याचं पाणी सपाट ठेवावं लागतं. म्हणून एकंदर ६०५ फुटांचा चढ ७४ लॉकांमध्ये वाटून दिला. लॉक म्हणजे दोन दारांमधला हौद. त्यात पाणी भरलं की बोट आठेक फूट वर उचलली जायची. दोन लॉकांमधली वाट जवळजवळ समतल. त्यामुळे आमच्यासारख्या सत्तरी ओलांडलेल्यांनाही तिथे सायकल झेपते. खेचरांची सोय दीडशे वर्षांनी आमच्या गुडघ्यांच्या कामी येते! लॉक आला की छोटासा चढ, शेजारी बहुधा लॉक सांभाळणाऱ्याचं घर. गाडीतून हे दिसलंच नसतं.

आज तिथे सायकलस्वाराने पायी जाणाऱ्याला आधी वाट द्यायची, मागून येताना घंटी वाजवायची, आणि जलसेतूवर उतरून सायकल हातात धरून चालायचं असा नियम आहे. वेगवानाने संथाला मान द्यायचा.

तर काय ठरलं? साध्य संपल्यावर साधन आपोआप उरत नाही. ते उरतं, कारण कुणीतरी टाकून देण्याआधी त्यावरून चालून बघतं. आपल्या गावातल्या जुन्या वाटांबद्दल मत देण्याआधी आपण किती पावलं चाललो, हे ज्याने त्याने मोजून बघावं.