ढगांखालचे रुग्णालय

हिवाळ्याच्या दिवसांत आल्प्स आणि ज्युरा या दोन पर्वतरांगांमधल्या स्विस पठारावर थंड, जड हवा साचून राहते, तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते आणि त्या झाकणाखाली ढगांचा सलग थर कित्येकदा दिवसचे दिवस जागचा हालत नाही. वर हिमाच्छादित उतारांवर लख्ख ऊन असते आणि खाली बर्न शहर करड्या छायेत बुडालेले असते. बर्फावरून घसरण्याच्या खेळात एखाद्याचा कणा दुखावतो तो उन्हात; त्याच्यावर शस्त्रक्रिया करणारे हात मात्र ढगांखाली वाट पाहत असतात. 1952 साली स्थापन झालेल्या ‘रेगा’ या स्विस हवाई बचावसंस्थेचे हेलिकॉप्टर हे अंतर अल्पावधीत तोडू शकते. परंतु ढगांतून खाली उतरण्याचा शेवटचा टप्पाच सर्वांत दुस्तर ठरतो.

ढगात शिरल्यावर समोरची टेकडी, मनोरा किंवा विजेची तार दिसत नाही, हे संकट उघडच आहे. त्याहून खोल संकट असे, की वैमानिकाला स्वतःची स्थिती कळेनाशी होते, आणि ती कळत नाही हेही कळत नाही. आपल्या अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असून त्यांत द्रव भरलेला असतो. मस्तक वळले की द्रव क्षणभर मागे रेंगाळतो, त्यातील सूक्ष्म रोम वाकतात आणि वळण घेतल्याची वर्दी मेंदूकडे जाते. पण तेच वळण एका गतीने दहा-वीस सेकंद चालू राहिले, की द्रव नलिकेच्या बरोबरीने फिरू लागतो, रोम पूर्ववत उभे राहतात आणि आपण सरळ चाललो आहोत, असा खोटा दाखला मेंदूच्या दफ्तरी नोंदला जातो. वळण थांबवावे तर द्रव पुढे वाहतच राहतो व उलट दिशेला वळल्याचा भास होतो. तो भास दुरुस्त करू जाणारा वैमानिक पुन्हा जुन्याच वळणात सापडतो. 1954 साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने, केवळ यंत्रांवर विसंबून उडण्याचे शिक्षण नसलेल्या 20 वैमानिकांची अशी परीक्षा घेतली. बाहेरचे दृश्य बंद होताच विसांपैकी प्रत्येकाचा विमानावरील ताबा सुटला, आणि तो सुटण्यास सरासरी 178 सेकंद लागले. सोबत शिक्षक होते म्हणून ते वाचले. ती तर विमाने होती, ज्यांच्या बांधणीतच स्थिर राहण्याची प्रवृत्ती असते. हेलिकॉप्टरच्या ठिकाणी ती फारच थोडी.

म्हणून ढगातील वैमानिकाला स्वतःच्या कानावर अविश्वास आणि समोरच्या ‘कृत्रिम क्षितिज’ या यंत्रावर विश्वास ठेवण्याचा अभ्यास वर्षानुवर्षे करावा लागतो. मार्गाची तजवीज उपग्रह करतात. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून येणाऱ्या त्यांच्या संदेशांच्या वेळा मोजून स्थान निश्चित होते; त्या मोजणीत सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली तरी अंतरात 300 मीटरांचा फरक पडतो. जमिनीवरील ठाणी, ज्यांची जागा अचूक ठाऊक असते, अशी चूक मोजतात आणि तिची दुरुस्ती आणखी उंचावरच्या उपग्रहांमार्फत सर्वत्र प्रसृत होते. युरोपात ‘ईग्नॉस’ आणि आपल्याकडे ‘गगन’ ही याच तत्त्वावर चालणारी व्यवस्था होय. 2011 साली बर्नच्या इन्सेल रुग्णालयाकडे उतरण्यासाठी उपग्रहांवर आधारलेला असा अदृश्य मार्ग प्रथमच आखला गेला, आणि त्यानंतर धावपट्टी, दिव्यांच्या रांगा किंवा रेडिओचा मनोरा यांवाचूनही शहराच्या पोटातल्या इस्पितळापर्यंत ढगातून येणे शक्य झाले.

हा मार्ग मात्र थेट रुग्णालयाच्या छतापर्यंत जात नाही. आकाशातील एका नेमून दिलेल्या बिंदूपाशी, नेमून दिलेल्या उंचीवर तो संपतो. तेथे जमीन दिसली तर पुढचे अंतर डोळ्यांनी कापायचे. न दिसली तर त्याच क्षणी वर निघायचे. थोडे आणखी खाली जाऊन पाहण्याची मुभा कोणालाही नसते. शिवाय शून्याखालच्या तापमानातही न गोठलेले ढगातील जलबिंदू पात्यांना स्पर्श होताच गोठतात, पात्यांचा आकार बिघडतो आणि भार वाढतो. म्हणून पुष्कळ हेलिकॉप्टरांना अशा ढगांत शिरण्याचीच मनाई असते.

या साऱ्या व्यवस्थेत मला अत्यंत आदरणीय वाटते ती एक साधी रीत. कित्येक वैद्यकीय उड्डाणसेवांत, निघावे की नाही याचा निर्णय होईपर्यंत, रुग्ण कोण आहे, मूल आहे की वृद्ध, किती अत्यवस्थ आहे, हे वैमानिकाला सांगतच नाहीत. त्याच्यापुढे केवळ हवामानाचा तक्ता ठेवतात, कारण रडणाऱ्या मुलाची वार्ता कानी पडल्यावर ढग आहे त्याहून विरळ दिसू लागतो, हे अनुभवी माणसांनी ओळखले आहे. आणि वाटेतून परत फिरावे लागलेच, तर हेलिकॉप्टर ढगांच्या कडेला एखाद्या मोकळ्या मैदानावर उतरते, जिथे आधीच बोलावलेली रुग्णवाहिका दिवे लावून उभी असते, आणि रुग्णाचा उरलेला प्रवास धुक्यातल्या रस्त्याने होतो.